कंदिलाची सहावी तार

मी उल्हासनगरची आहे असं सांगितलं की समोरचा माणूस हसतो. आधी ओठ हलतात, मग नजर माझ्या पर्सवर, घड्याळावर, चपलांवर फिरते. आमचं गाव डुप्लिकेट मालासाठी बदनाम, त्यामुळे ‘ओरिजिनल आहे ना?’ हा विनोद मी शाळेच्या सहलीत ऐकला, कॉलेजात ऐकला, नोकरीच्या मुलाखतीत ऐकला. मला बघायला आलेल्या मुलाच्या मामाने तर तो आमच्याच घरात, आमचेच पोहे खाता खाता ऐकवला. मी त्याच्या पुढ्यातली अर्धी बशी उचलून आत नेली. स्थळ गेलं, आई आठवडाभर बोलली नाही, पण त्या बशीचं मला आजही समाधान आहे.

हे आधी सांगितलं, कारण गेल्या वर्षी बदलापुरात जे झालं ते याच विनोदातून झालं.

मी अंबरनाथच्या एका औषध कंपनीत तपासणी विभागात आहे. खोक्यावरचं अक्षर फिकट आलंय का, घडी एका बाजूला सरकलीय का, रंग मागच्या लॉटसारखा आहे का, हे बघायचं. दिवसभर चुका शोधायच्या. आपल्या नजरेतून काही सुटत नाही याचा मला अभिमान होता. होता, असंच म्हणावं लागेल.

तिथल्याच एका मैत्रिणीने मला एका पत्त्यांच्या खेळाची गोडी लावली. मग ती लग्न करून पुण्याला गेली आणि खेळ माझ्या गळ्यात राहिला. भुताखेतांचा खेळ आहे. दोघं समोरासमोर बसतात. प्रत्येकाचं एक गाव, गावात वीस दिवे. आपली भुतं सोडून समोरच्याचे दिवे विझवायचे, आणि ज्याच्या गावात आधी अंधार होईल तो हरला. डेक चाळीस पानांचा, आणि तो ज्याचा त्याने घरी जुळवायचा. भुतांच्या पाच टोळ्या आहेत. शहाणी माणसं एकाच टोळीचा डेक करतात, कारण एका टोळीतली भुतं एकमेकांना मदत करतात. दोन टोळ्या एकत्र केल्या की ताकद वाढते खरी, पण ऐन वेळी हातात नको ती पानं येतात आणि आपण बघत बसतो.

सरावाला कोणी उरलं नव्हतं, म्हणून मी बाबांना बसवलं. बाबांचं अख्खं आयुष्य उल्हासनगरच्या एका छापखान्यात गेलं. लग्नपत्रिका, मिठाईचे खोके, जीन्सला लटकवायचे टॅग. निवृत्त झाल्यावर ते घरात बसून आईच्या पोळ्यांचा गोलाकार तपासायला लागले होते, त्यामुळे आईनेच हात जोडून सांगितलं, ‘घे बाई त्यांना खेळायला.’ बाबांना इंग्रजी वाचता येत नाही. मी एकेक पान वाचून समजावलं, त्यांनी ते चित्रावरून पाठ केलं आणि सगळ्या भुतांना आपली नावं ठेवली. विहिरीतून वर येणारी टोळी म्हणजे ‘ओले’. आगीतून चालत येणारी म्हणजे ‘जळके’. पत्त्यावरचं लांबलचक इंग्रजी नाव मीही मग विसरून गेले.

मला ओले आणि जळके एकत्र आणायचे होते. खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर विचारलं तर सगळ्यांनी नाक मुरडलं. एकाने लिहिलं, ‘मॅडम, पहिले बेसिक सीख लो.’ माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवसापासून मी हट्टालाच पेटले.

जळके झटपट वार करतात, पण प्रत्येक वाराला आपलंच एक पान जाळून बाजूच्या ढिगात टाकावं लागतं. ओले मोठे आणि जड, त्यांना खेळात आणेपर्यंत निम्मे दिवे विझलेले असतात. कित्येक रविवार मी पानं घालत-काढत होते. कधी ओले जास्त, कधी जळके जास्त, हरायचं मात्र ठरलेलं. शेवटी बाबाच म्हणाले, ‘ही जाडजूड भुतं हातातून कशाला उतरवतेस? जाळून टाक ना. ढिगातून वर येतील.’ जळलेलं भूत ढिगातून उठवणारं पान सगळ्या खेळात एकच होतं. ते दोन्ही टोळ्यांचं होतं आणि डेकमध्ये एकदाच घेता यायचं. पाण्याच्या काठावर राखेत उभी असलेली, हातात कंदील धरलेली एक म्हातारी. बाबांनी तिचं नाव ‘दाई’ ठेवलं. ती आली की डेक पळायला लागायचा. ती नसली की माझ्या दोन टोळ्या म्हणजे एका ओट्यावर राबणाऱ्या दोन भांडखोर जावा.

दाई मिळवायला मला वर्ष लागलं. पालेगावातल्या एका खेळाडूने माझी अकरा चांगली पानं घेऊन ती दिली, त्याच्या बिल्डिंगच्या गेटवर उभं राहून. घरी आणली तर बाबांनी पहिलं काम केलं ते प्लास्टिकच्या पाकिटातून पान बाहेर काढायचं. बोटांनी कागद चोळला, वास घेतला, भिंग आणून छपाईचे ठिपके बघायला लागले. मी किंचाळले, ‘बाबा, हात लावू नका! कशालाच हात नका लावू!’ त्यांनी पान पाकिटात घातलं आणि भिंग पुसत बसले. मी सॉरी म्हटलं नाही. मला त्यात काही चुकल्यासारखंही वाटलं नाही.

सहा महिन्यांनी बदलापुरात, बेलवलीतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये स्पर्धा झाली. सोळा खेळाडू, बायका दोन. पानं सगळी खरीच हवीत, छापून आणलेली चालणार नाहीत, हा नियम आयोजकाने सुरुवातीलाच वाचून दाखवला. बाबा मला स्कूटरवरून घेऊन आले होते आणि मागे प्लास्टिकच्या खुर्चीत पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसले होते. ओले-जळके असे पळाले की मलाच विश्वास बसेना. उपान्त्य फेरीत समोर तोच बसला होता, मला बेसिक शिकायला सांगणारा. तिशीतला, जाकिटवाला, पानं रबरी चटईवर मांडणारा. दाई आली, मागून तीन जाडजूड ओले उठले आणि त्याच्या गावातला शेवटचा दिवा विझला.

तो हात मिळवायला उठला नाही. दाईवर बोट ठेवून म्हणाला, ‘ये कार्ड तो मिलता ही नहीं. आप कहाँ से हो?’

‘उल्हासनगर.’

त्याने मागे वळून मित्रांकडे बघितलं. ‘फिर तो चेक करना पड़ेगा ना, भाई.’

हॉल हसला. मागून कोणीतरी मराठीत ओरडलं, ‘माल जपून घ्या, एका धुण्यात रंग जातो!’ पुन्हा हसले. ज्या दुसऱ्या बाईशी मी आल्या आल्या ओळख करून घेतली होती, तीही हसली.

मी उभी राहिले. आवाज खणखणीत लागला. ‘माझ्या बाबांची शपथ घेऊन सांगते, चाळीसच्या चाळीस पानं खरी आहेत. बघा. एकेक काढून बघा. पण नंतर याने माफी मागायची, सगळ्यांसमोर.’

आयोजक सज्जन माणूस होता. त्याने प्रत्येक पान पाकिटातून काढलं, खाली मोबाइलचा टॉर्च धरला, कडा बघितल्या. दाई त्याच्याकडेही होती. त्याने आपली आणि माझी शेजारी ठेवली, उलटसुलट करून बघितली, बोटाने वाकवून बघितली. मग तो म्हणाला, ‘सगळी ओके आहेत. ओरिजिनल.’

‘अरे, मजाक था यार,’ जाकिटवाला म्हणाला.

‘मजाक नव्हता. माफी.’

‘सॉरी.’

‘मोठ्याने.’

‘सॉरी, मॅडम!’

खोटं कशाला बोलू, आयुष्यात इतका आनंद मला फार कमी वेळा झालाय. सहलीतला, कॉलेजातला, पोहे खाणारा, सगळे त्याच्या तोंडून माफी मागत होते. मी पानं गोळा करायला वाकले आणि मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

‘एक मिनिट, साहेब,’ बाबा म्हणाले. ‘ते म्हातारीचं पान द्या जरा.’

ते टेबलाशी आले. पान हातात घेतलं आणि म्हणाले, ‘हे मी केलंय.’

आयोजक हसलाच. ‘काका, आत्ता मी स्वतः बघितलं.’

‘कंदिलाच्या काचेभोवतीच्या तारा मोजा. तुमच्याकडे पाच आहेत. यात सहा. आमच्यात नक्कल करायची वेळ आली की एक खूण ठेवायची पद्धत होती, आपलं काम आपल्याला ओळखता यावं म्हणून.’ मग माझ्याकडे न बघता, ‘पोरीला माहीत नाही. तिला बोलू नका.’

आयोजकाने भिंगासारखा मोबाइल धरला. मोजलं. पुन्हा मोजलं. या वेळी कोणी हसलं नाही, आणि मला वाटलं, हसले असते तर बरं झालं असतं. मला बाद केलं. जाकिटवाल्याची माफी त्याला न मागताच परत मिळाली आणि माझ्या जागी अंतिम फेरी तो खेळला.

येताना मी स्कूटरवर मागे बसले, पण बाबांच्या खांद्याला हात लावला नाही. मागची दांडी पकडून बसले. चिखलोलीच्या नव्या टॉवरांपाशी मला आवरेना. ‘थांबवा,’ म्हटलं. त्यांनी बाजूला घेतली. सिमेंटचा मिक्सर गरगरत होता, त्याच्या वरच्या पट्टीत मी ओरडायला लागले.

‘कोणी विचारलं होतं तुम्हाला? पास झालं होतं ना पान? त्या माणसाला कळलं नाही, कोणालाच कळलं नसतं!’

‘तू माझी शपथ घेतलीस.’

‘शपथेने कोणी मरत नाही, बाबा!’

‘मरायला कोण घाबरतंय? माझ्या नावावर तू सगळ्यांसमोर खोटं बोललीस. तुला माहीत नव्हतं. मला होतं.’

‘मग आधी का नाही सांगितलं? इतके महिने! रोज माझ्यासमोर बसून खेळलात त्या पानाने!’

त्यांनी हेल्मेट काढलं, पुन्हा घातलं. ‘तू म्हणाली असतीस, हात लावू नका. मग मी काय केलं असतं घरात?’

म्हणाले असते. नक्की म्हणाले असते, तेच शब्द, त्याच किंचाळीत. मला बाबांचा राग आला होता तो तसाच राहिला, फक्त त्याच्या शेजारी माझा स्वतःचा येऊन बसला. सांगते ते खरं, तो जास्त जड होता.

घरी आल्यावर त्यांनी भिंगाच्या डबीतून खरी दाई काढली. चार महिन्यांपूर्वी मी कामावर असताना त्यांनी ती ठिपके बघायला बाहेर काढली आणि चहाचा कप कलंडला. म्हातारीच्या चेहऱ्यापासून पदरापर्यंत तपकिरी डाग. मग जुन्या छापखान्यात जाऊन, ओळखीच्या माणसाच्या हातापाया पडून, आठ दिवस मशीनवर बसून दुसरी केली; त्या आठवड्यात मी ऑडिटच्या धावपळीत डेकला हातही लावला नव्हता. ‘चौथ्या खेपेला रंग लागला,’ म्हणाले. एवढं सांगताना मात्र त्यांच्या आवाजात लाज नव्हती. आणि मी, लॉटच्या लॉट नापास करणारी, ते पान चार महिने पिसत होते.

दुसऱ्या दिवशी जाकिटवाल्याचा मेसेज आला. ‘अंकल मेरे लिए भी एक बना देंगे क्या? प्लीज.’ मी त्याला जे लिहिलं ते इथे छापता येणार नाही. मग वाटलं, आयोजकाशीही भांडू, काहीतरी पळवाट असेलच. म्हणून त्या खेळाचं इंग्रजी नियमपुस्तक फोनवर पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. पळवाट नव्हती. पण सोळाव्या पानावर एक ओळ होती. मूळ पान डागाळलेलं, झिजलेलं असलं तरी चालेल, फक्त ते मागून अपारदर्शक असलेल्या पाकिटात हवं, म्हणजे डागावरून ओळखता येत नाही.

माझी पाकिटं मागून काळीच आहेत.

म्हणजे चहा सांडला त्या दिवशी बाबांनी नुसतं पान पुसून परत ठेवलं असतं, तरी चाललं असतं. आठ दिवस मशीनवर बसायची गरज नव्हती, हातापाया पडायची नव्हती, भरल्या हॉलमध्ये उभं राहायचीही नव्हती. मी त्यांना भुतांची सगळी पानं वाचून दाखवली होती, ही ओळ दाखवली नव्हती. कशी दाखवणार, मीच वाचली नव्हती. फोन गादीवर आपटला.

दोन महिन्यांनी अंबरनाथला स्पर्धा होती. आदल्या संध्याकाळी डेक लावत होते. सहा तारांची दाई बाजूला काढली, ती आता घरच्या खेळासाठी. डागाळलेली पाकिटात सरकवली. समोर बाबा पानं पिसत होते, त्यांचे हात थांबले.

‘डाग चालतो?’

मी वर बघितलं नाही. ‘आता चालतो. नवीन नियम आलाय.’

‘नक्की?’

‘नक्की,’ मी म्हटलं. शपथ घेतली नाही.