हौसाआत्याच्या गाण्यातली बाटली

डब्यातली मेथी दातात अडकलीय.

एसीतून पाणी टपकतंय, खाली कुणीतरी स्टीलचं पातेलं ठेवलंय.

‘बाटली’ला पर्याय सुचवा: वस्तू. सरबत. ती.

उभी (    ) घरात आली, चूल झाली थंड गं.

पायांना मुंग्या आल्या.

डोळे मिटायचे नाहीत. चारला गाणं जायचंय.

मिटतात.

मिटल्या डोळ्यांनाही संगणकाचा पडदा दिसतोय. पडद्यावर हौसाआत्याचा आवाज, डोंगररांगेसारखा, आणि जिथे जिथे ‘बाटली’ होती तिथे सपाट रेघ. कापणारी मीच. केंद्रप्रमुख धामणस्कर सरांचा नियम आहे: मादक पदार्थाचं नाव रेडिओवरून जाता कामा नये.

गाणं दारूबंदीचं आहे, सर.

असू दे ना. शब्द तर दारूचेच आहेत.

उद्या बोरजाई गावात बायकांचं मतदान आहे. मतपत्रिकेवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दारूचं दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. कशावर शिक्का मारायचा हे सांगणारं एवढं एकच गाणं, आणि ते गाणारी आत्या आषाढात गेली. पुन्हा म्हणून घ्यायला ती नाही.

ती समोर बसलीय. फिरत्या खुर्चीत मांडी घालून. खुर्ची फिरते म्हणून चिडलीय.

“हे काय केलंस, उज्जे?”

“नियम आहे, आत्या.”

“कुणाचा?”

“सरांचा.”

“त्यो पितो?”

“मला काय माहीत!”

“मग आदी त्ये माहीत करून घ्यावं माणसानं.”

स्टुडिओच्या भिंतीवरचा फोम ओला लागतो, कारण तो नदीचा घाट आहे. आत्या लुगडं आपटतेय. मी पिळतेय. पाण्यात माझ्या हेडफोनची वायर वाहत चाललीय, तिचं कुणालाच काही नाही.

“बायांला कळायचं कसं,” आत्या म्हणते, “का (    ) वर शिक्का मारायचा का (    ) वर?”

“काय? परत म्हण.”

“म्हटलं की! (    )!”

तिचे ओठ हलतात. आवाज येत नाही.

“ऐकू येत नाही गं.”

“कसं यील? मेलेल्या माणसाचं बी कापाय लागलीस!” ती लुगडं दणकन आपटते. त्याचाही आवाज येत नाही.

“बीप टाकू का मग?”

“त्यानं काय हुतं?”

“टूं वाजतं.”

“म्हंजी लोकांला वाटंल, हौसानं रेडिओवर शिवी दिली. आक्क्या जल्मात मी...” ती थांबते, आठवते. “दोनदा दिली. दोन्ही येळा बरोबर बसली.”

“सर म्हणतात, सरबत म्हणू.”

“सरबतानं चूल थंड हुती व्हय गं?”

“मला नको सांगूस! मी त्यांना सकाळपासून हेच सांगतेय!”

“सांगतीस, आन कापतीस बी.”

पिळलेलं लुगडं मी झटकते. तो शाळेतला पडदा आहे, मतदानाच्या टेबलापुढचा. बायका रांगेत. पहिलीच्या हातात मतपत्रिका आहे आणि तिच्यावर दोन चौकोन, दोन्ही कोरे.

“ताई, कंच्यावर मारू?”

मी तोंड उघडते.

“(    ),” मी म्हणते.

“आं?”

“(    )!”

ती कंटाळून कुठेतरी शिक्का मारते. मागची पण. तिच्या मागची पण. मला ओरडायचंय, आणि तोंडातून सपाट रेघ निघतेय.

आत्या माझ्या मागे उभी. आता चिडलेली नाही, त्याचीच भीती वाटते.

“सांग की त्यास्नी.”

“येत नाही, आत्या.”

“मला तरी कुठं येत हुतं? पयल्यांदा म्हणाया उभी ऱ्हायले तवा आवाज फाटला. समदी हसली. मी म्हटलंच.” ती माझी मान धरते, लहानपणी न्हाऊ घालताना धरायची तशी. “वाक. आजून वाक.”

गाल कशावर तरी आपटतो.

की-बोर्ड.

मी डोकं उचलते. पडद्यावर एकही सपाट रेघ नाही. गालाखाली कुठल्या कळा दाबल्या गेल्या कोण जाणे, सकाळपासून कापलेलं सगळं उलट्या क्रमाने परत आलंय. डोंगररांग सलग आहे. काचेत माझं तोंड दिसतं. गालावर दोन चौकोनी वळ, शेजारी शेजारी.

इंटरकॉम खरखरतो.

“उज्ज्वला, झालं का? चार वाजत आले.”

“झालंय, सर.”

“आणि ते शब्द?”

एक क्षण मी खरंच विचार करते. गाल ठणकतो.

“आहेत,” मी म्हणते, आणि गाणं हवेत सोडणारा फेडर वर सरकवते.

आडवी बाटली बघून बायांनो शिक्का मारा गं.

इंटरकॉमवर सर काहीतरी बोलतायत. मी त्यांचा आवाज कमी करते.

हौसाआत्याचे यजमान दारूच्या थेंबालाही कधी शिवले नाहीत. बोरजाईतलं दारूचं दुकान त्यांचं आहे.