देवणीत हरवलेली सुई

धम्मानंद हा भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक आहे. म्हणजे दोन भावांच्या शेतातला बांध नेमका कुठून जातो हे तो सांगतो, आणि त्यानंतर दोन्ही भाऊ मिळून त्याच्याशी बोलणं सोडतात. मोजणीत त्याची वीतभर चूक होत नाही. चूक होते ती फक्त स्वतःच्या घरच्या सामानात. बदली झाली की तो बारका टेम्पो ठरवतो, सामान अंगणात आलं की कमरेवर हात ठेवून बघत राहतो आणि दर वेळी म्हणतो, “एवढं कुठून आलं?”

एवढं लुंबिनीकडून आलेलं असतं. लुंबिनी त्याची बायको. लग्नानंतर ती मुखेडला राहिली, कंधारला राहिली, बिलोलीला राहिली, आणि प्रत्येक ठिकाणी कायमचं राहायला आल्यासारखी राहिली. तेलाच्या रिकाम्या डब्यात कढीपत्ता लावायचा, लोकरीचं तोरण विणायचं, लोणचं मुरायला ठेवायचं. बदलीचा हुकूम मे महिन्यात येतो आणि पापडही मे महिन्यातच होतात. सरकारने कधी पापडांचा विचार केला नाही आणि लुंबिनीने सरकारचा.

तिचा खरा जीव मात्र वाकळ शिवण्यात. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरून, हाताने टाके घालून केलेली जाड गोधडी. ही काठाकडून शिवत आणायची असते. चारी बाजूंनी रांगा घालत घालत आत यायचं आणि मधोमध संपवायचं. काम सोपं आहे. त्याला फक्त मोकळी जमीन आणि मोकळा वेळ लागतो, आणि लुंबिनीला दोन मुलं आहेत. अश्वजित पाच वर्षांचा आणि गौतमी दीडेक वर्षाची. वाकळ अंथरली की अश्वजित तिच्यावर ट्रॅक्टर चालवतो आणि गौतमी काय करते ते धुवून काढावं लागतं.

त्यामुळे मुखेडला सुरू केलेली वाकळ कंधारला उसवली, कंधारची बिलोलीला उंदरांनी घेतली. पुरी झालेली एकही नाही. ही गोष्ट नांदेडला राहणाऱ्या तिच्या सासूबाईंच्या, धुरपताबाईंच्या, ध्यानात राहिली. धुरपताबाई फार बोलत नाहीत, पण बोललेलं पुन्हा पुन्हा बोलतात. त्यांच्या गल्लीतला रस्ता खोदून ठेवला गेला तेव्हा त्या म्हणाल्या, “ही बघा, लुंबिनीची वाकळ.” शेजाऱ्याच्या घरावर स्लॅब पडला नाही, तीही लुंबिनीची वाकळ. हळूहळू हा शब्द सगळ्या नातेवाइकांत चालू झाला. एका मामांनी तर लग्नाच्या पंगतीत अर्धवट शिजलेल्या भातालाही तो लावला, आणि लुंबिनी त्याच पंगतीत वाढत होती.

अशात नणंदेला मुलगी झाली. नामकरण बुद्धपौर्णिमेला नांदेडला ठरलं. या घरात नव्या बाळाला पहिल्यांदा आजीच्या लुगड्यांच्या वाकळेवर निजवतात. धुरपताबाईंची बोटं आता सुई धरत नाहीत. त्यांनी आपली दोन जुनी इरकली लुगडी बिलोलीला पाठवली आणि फोनवर सुनेला सांगितलं, “जमत नसंल तर आताच सांग. दुकानात ब्लँकेट मिळतंय. त्याच्यावर वाघ हाय.”

लुंबिनीने वाघाला मनावर घेतलं. पोरं झोपली की ती वाकळ अंथरायची, उठायच्या आत गुंडाळायची. काठ झाले, बाहेरच्या रांगा झाल्या, मधे दोन उशा मावतील एवढा चौकोन राहिला. पौर्णिमा आठवड्यावर आली. आणि धम्मानंदची बदली लातूर जिल्ह्यात देवणीला झाली.

निघायच्या सकाळी धम्मानंदने नेहमीप्रमाणे सामानाकडे बघितलं, “एवढं कुठून आलं?” म्हटलं आणि बोचकी बांधायला घेतली. त्याच्या मते कापड दोन प्रकारचं असतं, अंगावर घालायचं आणि सामान बांधायचं. वाकळ अंगावर घातलेली नव्हती. त्याने तिच्यात गाद्या, उशा आणि स्वेटर असं सगळं घालून चारी टोकांची गाठ मारली. लुंबिनी तेव्हा चुलीमागचे डबे काढत होती. तिला कळलं तेव्हा ते बोचकं टेम्पोच्या तळाशी होतं आणि त्यावर कपाट होतं.

टेम्पोवाला मलप्पा देगलूरकडचा. मराठी, कन्नड आणि तेलुगू तिन्ही भाषांत तो एकच गोष्ट सांगायचा, की सामान बसणार नाही. शेवटी सगळं बसलं. ओले पापड मात्र राहिले होते. ते लुंबिनीने सर्वांत वर, उलट्या खाटेवर जुनं पातळ अंथरून त्यावर पसरले आणि वर दुसरं पातळ बांधलं. पुढच्या सीटवर धम्मानंदने गौतमीला मांडीवर घेतलं आणि लुंबिनीने लोणच्याची बरणी. यावर मलप्पाने तिच्याकडे बघितलं. तिने त्याला समजावलं की पोरीला धक्का बसला तर ती रडून गप होते, बरणी गप होत नाही.

देगलूरला चहाला थांबले तेव्हा पापड कडकडीत वाळले होते. मलप्पाने चव बघायला एक खाल्ला, नंतर खात्री करायला दुसरा. उदगीरपर्यंत त्याची चांगलीच खात्री पटली.

देवणीत घरमालक चन्नबसप्पांच्या घरासमोरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. टेम्पो गल्लीत शिरला तशी गल्ली आपापल्या दारात येऊन उभी राहिली. नवीन बिऱ्हाड कुठलं, कोणाचं, काय करतं, हे विचारायची तयारी झाली होती. पण टेम्पोतून सगळ्यांत आधी बुद्धांची तसबीर उतरली, मागोमाग बाबासाहेबांची, आणि मग कोणाला काही विचारायचं राहिलं नाही. गल्ली दारातच उभी राहिली. पुढं आली नाही आणि आतही गेली नाही. मलप्पाला दुसरं भाडं होतं. त्याने सामान अंगणात ढीग करून ठेवलं, उरलेल्या पापडांकडे एकदा बघितलं आणि निघून गेला.

लुंबिनी ढिगाकडे बघत राहिली. दोन खोल्या झाडायच्या, धुवायच्या, भांडी लावायची, धान्य भरायचं, पोरांना जेवू घालायचं. पौर्णिमा तोंडावर आली होती. हे सगळं एकटीने केलं तर वाकळेचा चौकोन चौकोनच राहणार होता. मग नांदेडला वाघ जाणार होता.

तिने वाकळेचं बोचकं सोडलं. गाद्या निघाल्या, उशा निघाल्या, वाकळ निघाली. वाकळेच्या मधल्या रांगेला दोऱ्याचं टोक लोंबत होतं. त्याला सुई नव्हती.

वाकळेची सुई म्हणजे बोटाएवढी, जाड, खाटेच्या सुतळीतूनही आरपार जाणारी. ती त्या ढिगात कुठंतरी असणार होती. लुंबिनी ओरडली नाही. तिने फक्त गौतमीला उचलून काखेत घेतलं आणि नवऱ्याला म्हणाली, “अहो, हलू नका. सुई पडलीय.”

धम्मानंद एक पाय वर धरून उभा राहिला.

सुई हा शब्द गल्लीत ऐकू गेला. समोरच्या ओट्यावर घरमालकांची आई बसली होती, केवळाबाई. तिला सगळी गल्ली अक्का म्हणते. अक्काने आधी ढीग बघितला, मग अश्वजितचे अनवाणी पाय बघितले. मग ती उठली, अंगणात आली आणि गौतमीला लुंबिनीच्या काखेतून आपल्या काखेत घेतलं. “पोरं माझ्या ओट्यावर बसतेत. चुरमुरे देते. तुम्ही धुंडा,” असं म्हणून तिने दारात उभ्या असलेल्या गल्लीकडे बघितलं. “आन् तुम्ही काय फोटो काढाय उभ्या राहिल्याव?”

शेजारची नीलाबाई आली. तिच्या दोन सुना आल्या. एकेक गादी उचलायची, झटकायची, हाताने चाचपायची. चाचपलेली गादी परत ढिगात टाकली तर पुन्हा शंका येणार, म्हणून ती आत नेऊन ठेवायची. आता झाडलेल्या गादीखाली न झाडलेली जमीन कशी चालेल, म्हणून एका सुनेने खोली झाडली. झाडताना सुई दिसत नाही, पाण्याने चमकते, असं दुसरीचं म्हणणं पडलं. म्हणून तिने खोली धुतली.

धम्मानंदने पाय खाली ठेवला आणि खात्याला शोभेल असं काम सुरू केलं. टेप काढला, अंगणाचे चौकोन पाडले, चारी कोपऱ्यांना खडे ठेवले, आणि एकेक चौकोन गुडघ्यांवर बसून तपासू लागला. आपल्या घराची मोजणी कधी होणार म्हणून विचारायला दोघे जण येऊन उभे राहिले. त्यांना त्याने खड्यांच्या बाहेर थांबवलं.

लुंबिनी पदर खोचून पुढं झाली. पदर खोचताना तिच्या खांद्याशी काहीतरी टोचलं. सुई तिच्याच पदरात होती. सकाळी बिलोलीत नवऱ्याने सुतळी मागितली तेव्हा तिने दोरा तोडून सुई पदराला टोचली होती आणि सुतळी शोधायला गेली होती.

सांगायला तिने तोंड उघडलं. समोर नीलाबाईने गाद्यांची घडी करून भिंतीला लावली होती, घडी तिच्यापेक्षा चांगली होती. खोली ओली, स्वच्छ दिसत होती. डब्यांच्या पोत्याकडे दोन बायका निघाल्या होत्या. लुंबिनीने तोंड मिटलं.

ती ओसरीत वाकळ अंथरून बसली. सुईत दोरा ओवला आणि चौकोन शिवायला घेतला. तिच्यासमोरून माणसं ये-जा करत होती, उशा चाचपत होती, स्वेटरच्या बाह्या उलट्या करत होती, पिठाच्या डब्यात हात घालत होती. सगळीकडे सुई शोधली गेली. तिच्या हातात कोणी शोधली नाही. एकदा नीलाबाई वाकळेजवळ थांबली, टाके बघितले, बारीक पडलेत म्हणाली आणि पुन्हा शोधायला गेली.

दुपार कलली तशी अक्काचा धाकटा मुलगा व्यंकट दुकानातून आला. त्याचं रेडिओ-मोबाइल दुरुस्तीचं दुकान. त्याने जुन्या भोंग्याचं लोहचुंबक आणलं होतं आणि ते दोरीला बांधून तो सगळ्या सामानावरून फिरवू लागला. चुंबकाला केसांचे आकडे चिकटले, ब्लेडचा तुकडा चिकटला, आणि कंधारपासून हरवलेला खाटेचा बोल्ट चिकटला. धम्मानंदने तो लगेच बसवला. दोन वर्षं डुगडुगणारी खाट गप उभी राहिली. आता या चुंबकावर सगळ्यांचा विश्वास बसला, आणि व्यंकट ते झुलवत ओसरीकडे, वाकळेकडे निघाला.

लुंबिनीचा हात थांबला.

वाकळेच्या दुसऱ्या टोकाला केवळाअक्का येऊन बसली होती. कधी बसली ते कळलं नव्हतं. तिने लुंबिनीच्या हाताकडे बघितलं. मग मुलाला म्हणाली, “व्यंकट, हिथं न्हाई. हिथं मी बसलेय, मला टोचलं असतं. सैपाकघरात बघ.”

व्यंकट स्वयंपाकघरात गेला. अक्काने कमरेची चंची सोडली, त्यातून आपली सुई काढली, दोरा दाताने तोडला आणि आपल्या बाजूने टाका घातला. दोन्ही बाजूंनी एकेक रांग झाली. मग अक्का खाली बघतच म्हणाली,

“सापडू नको देऊस एवढ्यात. भांडी लावायची ऱ्हायलीत अजून.”

“हाव, अक्का.”

दिवे लागायच्या आत भांडी लागली, धान्य भरलं, तसबिरी खिळ्यांवर गेल्या, कढीपत्ता दाराशी बसला. नीलाबाईने सगळ्यांसाठी चहा केला, तो लुंबिनीच्याच चुलीवर, लुंबिनीच्याच भांड्यांत. कपबशा कुठं आहेत ते तिला लुंबिनीपेक्षा जास्त माहीत होतं, कारण लावल्या तिनेच होत्या. सगळ्यांनी ओसरीत बसून चहा घेतला, सोबत पापड भाजले. सुई सापडली नाही याचं सगळ्यांना वाईट वाटलं. उद्या पुन्हा बघू, असं ठरलं.

उद्या पुन्हा आल्या. परवाही आल्या. आता शोधायला काही उरलं नव्हतं, त्या बसायला येत होत्या. नीलाबाईची सून गौतमीला तेल लावायची, अश्वजित व्यंकटच्या दुकानात रेडिओ उघडायला जायचा, आणि ओसरीत दोन सुया समोरासमोरून आत सरकत होत्या. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दोन्ही रांगा मधोमध एकमेकींना भेटल्या.

नांदेडला धुरपताबाईंनी वाकळ हातात घेतली. सगळे नातेवाईक बघत होते, पंगतीतले मामाही होते. धुरपताबाईंनी काठ बघितले, उलटून बघितलं, मधोमध बोट फिरवलं. बोट एका जागी थांबलं.

“हा टाका तुझा न्हाई.”

“न्हाई, आत्याबाई. देवणीच्या केवळाअक्काचा हाय. घरमालकाची आई.”

“तिला तुझी वाकळ शिवायचं काय पडलं होतं?”

“माझी सुई हरवली होती. सगळी गल्ली धुंडाय आली. सामान उघडून, झाडून, लावून दिलं.”

धुरपताबाई तिच्याकडे बघत राहिल्या. “सापडली का?”

“न्हाई अजून.”

धुरपताबाईंनी वाकळ अंथरली, तिच्यावर नातीला ठेवलं आणि सरळ होत सुनेला म्हणाल्या, “एकदा ये माझ्याकडं ती सुई घेऊन. माळ्यावरचं सामान काढायचंय.”

मामांना यातलं काही कळलं नाही. त्यांना फक्त एवढं दिसलं की वाकळ पुरी झाली आहे. बिचारे जेवणात भात नीट शिजलाय म्हणाले आणि पुढं काय म्हणावं ते सुचेना म्हणून पुन्हा भात घेतला.

लुंबिनी आता देवणीत केवळाअक्काच्या पणतवंडासाठी वाकळ शिवते आहे, त्याच सुईने. नीलाबाई अजून येता-जाता विचारते सापडली का म्हणून, आणि लुंबिनी नाही म्हणते, मग नीलाबाई थोडा वेळ बसते. खरी पंचाईत फक्त धम्मानंदची आहे. बाहेर लोकांच्या शेतात तो बिनधास्त अनवाणी फिरतो. घरात मात्र अजून चप्पल घालूनच वावरतो.