आप्पांनी नावं ठेवलेलं घर

आमच्या आप्पांचं तोंड बघितलं की अनोळखी माणसाला वाटायचं, यांनी आत्ताच काहीतरी नासकं खाल्लंय. नाक वर चढलेलं, ओठ एका बाजूला ओढलेला, डोळे बारीक आणि तोंडात सारखं 'छ्या!' चहा दिला, छ्या. नवी सायकल दाखवली, छ्या. पहिला नंबर आल्याचं सांगितलं, तरी छ्या. लहानपणी मला या माणसाचा इतका वीट आलेला की ते गडमुडशिंगीहून कोल्हापूरला आमच्याकडे आले की मी मागच्या दाराने सटकायचो. वडिलांचे हे धाकटे भाऊ. काकू लवकर गेल्या, मूलबाळ नाही, त्यामुळे त्यांचं सगळं नाक मुरडणं आमच्याच वाट्याला यायचं.

धंदा हेडीचा, म्हणजे जनावरांच्या बाजारात म्हशींचे सौदे जमवून देण्याचा. एकदा मला जबरदस्तीने सोबत नेलं होतं. एका म्हशीभोवती त्यांनी फेरी मारली, जबडा उघडून दात बघितले आणि नाकाला टॉवेल लावला. "ही म्हस हाय व्हय? हाडांवर कातडं वाळत घातलंय नुसतं! आन् ही शिंगं! हिच्या आयला तरी आवडली आस्तील का?" मला वाटलं, आता मालक यांना बदडणार. कसलं काय! मालक हसला आणि बसायला पोतं अंथरलं. अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं, आप्पा नावं ठेवायला लागले म्हणजे जनावर मनात भरलं. घरच्यांना आणखी एक खूण माहीत होती. मनात भरलं की त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल हळूच खाली यायचा. त्याच टॉवेलाखाली मालकाचा हात धरून बोटांनी भाव चालायचा, वर तोंडाचा पट्टा चालूच. पटलं की टॉवेलाखाली मूठ गच्च दाबायची. झाला सौदा.

नको असलेल्या जनावराचं मात्र ते तोंडभरून कौतुक करायचे. "गुणाची हाय. लक्षुमी हाय. संबाळा," असं म्हणून पुढे निघायचे. त्यामुळे आप्पांनी कौतुक केलं की माणूस धास्तावायचा. आमच्या शेजाऱ्यांनी घर बांधलं, वास्तुशांतीला आप्पांना जेवायला बोलावलं. आप्पा जेवले, पान खाल्लं आणि दारात चपला घालताना म्हणाले, "चांगलं बांधलंय की." तो बिचारा शेजारी पुढे महिनाभर मला विचारत होता, घरात खोट कुठे आहे ते.

मी एकदा चिडून विचारलं, "आप्पा, सरळ चांगलं म्हणायला काय जीव जातो तुमचा?"

"आवडल्याला तोंडावर चांगलं म्हनायचं नस्तंय लेका," ते म्हणाले. "मालकाचं डोस्कं चढतंय आन् वस्तूला दृष्ट लागती. मन भरून आलं तर टॉवेलाखाली येऊ द्यावं. तोंडावर कशापायी?"

हे तत्त्वज्ञान त्यांनी माझ्या लग्नातही सोडलं नाही. मुलगी बघायला आम्ही कुरुंदवाडला गेलो. सुनंदाने पोहे आणून ठेवले. आप्पांनी एक घास घेतला आणि तोंड असं काही वाकडं केलं की माझी मान शरमेने खाली गेली. "ह्ये पोहं हायत? मीठ कुटं गेलं? आन् पोरगी चालती कशी बघा, पायाखाली निखारं असल्यागत!" सुनंदाचे वडील शेतकरी माणूस, जनावरांच्या बाजारात आयुष्य गेलेलं. ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "पावणं, म्हंजे पसंत हाय म्हनायचं!" पण आत सुनंदाने सगळं ऐकलं होतं. लग्न झालं, संसार झाला, पण ते वाक्य तिने कधी पचवलं नाही. आप्पा आले की त्यांच्या पोह्यात ती मुद्दाम डबल मीठ टाकायची आणि आप्पा "छ्या, खारट!" म्हणत बशी चाटूनपुसून साफ करायचे.

आमची एकुलती मुलगी प्राजक्ता, प्राजू, नर्स होऊन इंग्लंडला गेली. जावई महेशही तिथलाच नोकरदार. दोघं एका दुकानाच्या वर भाड्याने राहायची. भिंतींना ओल, कोपऱ्यात काळी बुरशी, पुसली की आठवड्यात परत उगवायची. फोनवर तिचा खोकला ऐकून सुनंदाचा जीव वरखाली व्हायचा. मग एके दिवशी प्राजूने सांगितलं की हॉस्पिटलपासून थोड्या अंतरावर एका खेड्यात घर बघितलंय. खेडं म्हणजे दोन रस्ते, एक चर्च, एक पब आणि अधूनमधून येणारी बस. घर दगडी, बुटकं, मागे सफरचंदाचं झाड. घराची मालकीण मार्गारेट नावाची म्हातारी. लग्न होऊन ती त्या घरात आलेली, नवरा वारल्यावर आता मुलाकडे निघालेली. शहरातलं एक जोडपं शनिवार-रविवारी येऊन राहायला म्हणून तेच घर मागत होतं, पण म्हातारीला ते रुचत नव्हतं. पाच दिवस कुलूप लागणाऱ्याला घर द्यायचं नाही, ज्याला मनापासून आवडेल त्यालाच द्यायचं, असं तिचं म्हणणं. प्राजू तिला आवडली होती. "बाबा, मला तेच घर हवंय. दुसरं बघ म्हणूसुद्धा नका," असं प्राजू म्हणाली. पोरीने जन्मात कशाचा हट्ट केला नव्हता, तो तेव्हा केला.

आणि कर्म माझं, वर तीच म्हणाली, "आप्पाआजोबांना दाखवल्याशिवाय कसं घ्यायचं? रविवारी व्हिडिओ कॉल करते. मार्गारेटबाईंनाही आपल्या माणसांना भेटायचंय."

रविवारी आप्पा धुतलेली टोपी घालून हजर. मी फोन टीव्हीला जोडला आणि त्यांना बजावलं, "आप्पा, तिथे भाव ठरलाय. घासाघीस नाही. नावं ठेवायची नाहीत. नुसतं बघायचं आणि हसायचं." "व्हय व्हय," आप्पा म्हणाले आणि हसून दाखवलं. ते हसणं बघून मलाच धास्ती वाटली.

पडद्यावर घर आलं. दगडी भिंत, त्यावर चढलेला वेल, बुटकं दार. आप्पा पुढे सरकून बसले. मी त्यांच्याकडे बघितलं. खांद्यावरचा टॉवेल खाली यायला लागला होता.

"छ्या!" आप्पा कडाडले. "ह्ये घर हाय का मेंढरांचा वाडा? दार बघ कसलं! सोताच्याच घरात चोरागत वाकून शिरायचं?"

"आप्पा!" मी दात खाऊन म्हणालो. पण माणूस बाजारात पोहोचला होता. छप्पर म्हाताऱ्या बैलाच्या पाठीगत वाकलंय, ही चूल हाय का उंदराचं बीळ, झाड बघा, त्याला फळं लागत्यात का मुरमं! "ए प्राजे, त्या फरशीवर पाय आपट. आपट की! आवाज बघ कसा येतोय. कुनी बसवली ही? आंधळ्यानं?" मार्गारेटबाई स्वयंपाकघरात टेबलाशी बसल्या होत्या. समोर केक कापून ठेवलेला. त्या कॅमेऱ्याकडे बघून हसल्या आणि हात हलवला. आप्पांनी सरळ त्यांच्या तोंडाकडे बघत नाक मुरडलं. "ओ बाई, इतकी वर्सं ऱ्हायलासा, भिंतीला जरा हात फिरवायला झालं न्हाय?" आणि शेवटी, घर इतकं आवडलं म्हणून, त्याला दृष्ट लागू नये म्हणून, पडद्याकडे तोंड करून, "थू! थू!"

म्हातारीने प्राजूला काहीतरी विचारलं. प्राजू हसत इंग्रजीत म्हणाली, त्यांना घर खूप आवडलंय. पण बाईंना डोळे होते ना. त्यांनी केकची बशी झाकली, उठल्या आणि मागच्या दाराने बागेत गेल्या. फोन बंद झाला.

त्याच आठवड्यात घर त्या शहरातल्या जोडप्याला गेलं. प्राजू मार्गारेटबाईंकडे जाऊन रडली. म्हैस, टॉवेल, दृष्ट, सगळं समजावून सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, तुझ्यावर माझा विश्वास आहे, पण घरावर थुंकलेलं बघून मला त्या जोडप्याचं कुलूप बरं वाटलं, आणि आता शब्द दिलाय. आणि ती फरशी माझ्या नवऱ्याने स्वतःच्या हातांनी बसवलेली. तुझ्या आजोबांचा तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

प्राजूने फोन केला तेव्हा आप्पा आमच्याकडेच होते. तिने फोन त्यांनाच द्यायला सांगितला. "आप्पाआजोबा, माझं घर तुम्ही घालवलंत. परत माझ्याशी बोलू नका." एवढंच बोलून तिने फोन ठेवला. आप्पा कितीतरी वेळ तो फोन तसाच कानाला लावून बसले होते.

मला त्यांची शिसारी आली होती, खोटं कशाला सांगू. म्हणालो, "तुमच्या तोंडाला एक दिवस आवर घालता आला नाही?"

"लई आवडलं रं," आप्पा म्हणाले.

"मग आवडलं म्हणायचं!"

"कसं म्हनू? आवडलं म्हटलं की हातातनं जातंय."

"मग आता काय झालं? गेलंच की!"

आप्पांनी टोपी उचलली आणि गावी निघून गेले.

त्या दिवसापासून आप्पांनी नावं ठेवणं सोडलं. बाजारात जाणंही सोडलं. चहा दिला की म्हणायचे, चांगला हाय. भाकरी करपली तरी चांगली हाय. रिक्षावाल्याने खड्ड्यातून आदळत आणलं तरी चांगलं चालवतोस बाबा. ऐकवेना हो! जन्मभर ज्या 'छ्या'ची मला किळस आली होती, ती बरी होती. या 'चांगलं'ने घरात कुणीतरी गेल्यासारखं वाटायचं. सुनंदाने एकदा वैतागून पोह्यात मीठच टाकलं नाही. आप्पांनी सगळे पोहे खाल्ले आणि म्हणाले, "झ्याक झाल्यात सूनबाई." सुनंदा रिकामी बशी घेऊन आत गेली आणि पदर तोंडाला लावून रडली. मला म्हणाली, "अहो, त्यांना सांगा ना काहीतरी. मला नाही सहन होत."

पुढच्या वर्षी प्राजूने त्याच खेड्याच्या टोकाला घर घेतलं. नव्या विटांच्या एकसारख्या घरांची रांग, त्यातलं एक. पुढे पेट्रोलपंप, मागे हातभर गवत. तिने फोटो फक्त मला आणि सुनंदाला पाठवले. तोवर आप्पांचं दुखणं वाढलेलं. मी त्यांना गावाहून उचलून आमच्याकडे आणलं होतं. खाटेवर पडल्यापडल्या ते रोज एकदा विचारायचे, "प्राजी काय म्हनती?" मी म्हणायचो, बरी आहे. शेवटी सुनंदानेच पोरीला झापलं, "तुझा राग तुझ्या जागी. माणूस चाललाय इकडे."

प्राजूचा फोन आला. मी आप्पांच्या उशाशी बसून त्यांच्या तोंडासमोर फोन धरला. प्राजूने काही न बोलता घर दाखवायला सुरुवात केली. दार, बैठक, जिना, खिडकीतून दिसणारा तो भिकार पेट्रोलपंप. आप्पा टक लावून बघत होते. सगळं बघून झालं, तिचा चेहरा पडद्यावर आला, आणि आप्पा म्हणाले, "चांगलं हाय. लई चांगलं हाय."

पोरीचा चेहरा पडला. "आप्पाआजोबा, असं नका ना बोलू," ती म्हणाली. तिला रडू फुटलं होतं. "नावं ठेवा की. एकदा तरी छ्या म्हणा."

"न्हाय बाळ. एक डाव ठेवली, तुझं घर गेलं. आता न्हाय."

"काही जात नाही आता! घेतलंय मी ते!"

आप्पांनी मान हलवली, नाही म्हणून. पण त्याच वेळी चादरीखाली त्यांचा हात माझा हात शोधत होता. सापडला, आणि त्या हाडकुळ्या बोटांनी माझी मूठ अशी गच्च दाबली की माझी अंगठी बोटात रुतली. फोन बंद झाल्यावरही त्यांनी ती सोडली नाही.

महिनाही नाही गेला आणि आप्पा गेले. दिवसकार्य आटोपून पाहुणे पांगले, तशी संध्याकाळी प्राजूने फोन केला. इकडचं तिकडचं झालं आणि मग तिने विचारलं, "बाबा, माझं घर त्यांना खरंच आवडलं नव्हतं ना? चांगलं म्हणाले म्हणजे..."

मुठीचं सांगायला मी तोंड उघडलं, तोच नजर वर गेली. समोर खुंटीवर आप्पांचा टॉवेल लटकत होता. मी तो काढून खांद्यावर टाकला.

"छ्या!" मी म्हणालो. "ते घर हाय? काडेपेटीतनं काढून रांगेत मांडल्यागत! आन् पुढं पेट्रोलपंप! सकाळी उठून त्याचं दर्शन घ्यायचं व्हय? जिना बघ कसला, कोंबड्यांच्या खुराड्याला लावत्यात तसला! थू!"

आतून सुनंदा धावत येऊन दारात उभी राहिली. मग पलीकडून प्राजूचा भरलेला आवाज आला, "अजून बोला ना, बाबा. खिडक्या राहिल्या."

मी टॉवेल मांडीवर ओढला आणि खिडक्यांना नावं ठेवायला सुरुवात केली.