‘इतर’ रकान्यातला माणूस

आमच्या प्रयोगशाळेत बाईंना सगळे ‘आकडेबाई’ म्हणत, अगदी तोंडावर. गुन्ह्याच्या जागचा डीएनए संशयिताशी जुळला, की तसा जुळणारा माणूस किती जणांत एक सापडेल, हे त्या काढायच्या. संगणकावर लोकसमूहांची यादी उघडायची, माणसाचा समूह निवडायचा. तो यादीत नसला तर ‘इतर’ दाबायचं. पंचवीस वर्षं हेच. शेजारच्या टेबलावरून नुसतं बघूनही माझा जीव शिणायचा.

निवृत्तीला चार महिने असताना यादीत डोंगरापलीकडच्या एका खोऱ्याची भर पडली. पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी आपसांतच, त्यामुळे तिथल्या माणसांचे नमुने एकमेकांशी फार मिळतेजुळते. बाईंना तिथला एक खून आठवला. मुलगी गेली होती. चाकूच्या मुठीवरचा नमुना निम्मा खराब. तेव्हा त्यांनी ‘इतर’ दाबून लिहिलं होतं, वीस हजारांत एक. त्या आकड्यावर तिथलाच एक गवंडी सहा वर्षं तुरुंगात होता. आता खोरं निवडून पुन्हा काढला, तर आकडा आला दीडशेत एक. खोऱ्यात पुरुष दोन हजार, म्हणजे त्याच्याशिवाय डझनभर तरी निघतील.

“आपल्याला कुणी विचारलंय का?” साहेब वैतागले. “कशाला हे विकतचं दुखणं?”

“विचारायला त्याला ठाऊक कुठंय, साहेब?” बाई म्हणाल्या, आणि कोर्टाला पत्र धाडलं.

मला त्यांचा रागच आला. मुकाट चार महिने काढायचे, तर हे उद्योग! तरी साक्षीच्या दिवशी सोबत गेले. बाईंनी थकल्या आवाजात स्वतःचाच आकडा खोडून काढला. गवंड्याला जामीन मिळाला, खटला पुन्हा चालणार असं ठरलं.

बाहेर बाकावर मुलीचे वडील बसले होते.

“म्हणजे तो नव्हता, बाई?”

“तसं नाही दादा. असेलही. मला सांगता येत नाही.”

“मग तेव्हा कसं सांगता आलं?”

“तेव्हाही येत नव्हतं,” बाई म्हणाल्या. “मला वाटलं येतंय.”

वडील चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

“त्याचं घर माझ्या समोर आहे,” ते म्हणाले. “परवा दार उघडलं की तो दिसेल. त्याच्याकडे कसं बघायचं, तेवढं सांगा.”

बाईंनी हातातले कागद पिशवीत घातले आणि त्यांच्याशेजारी बसल्या.