घोड्याचे पाय गुरसरायला

किस्से आणि पोस्टरं सारखीच. एकावर एक चिकटत जातात, आणि वरचा सोलायला गेलं की खालचा निम्मा त्याच्याबरोबर निघून येतो. तेव्हा एक ऐकायला बसलात तर पाच ऐकावे लागतील.

झाशी नावाचं नगर. नगरात रेल्वेतला एक मराठी कारकून. त्याला एक बायको, एक मुलगी आणि खोलीभर सिनेमाची जुनी पोस्टरं. कारकून म्हणजे आमचे हे, मुलगी नलू, आणि बायको मी. आवडती कोण आणि नावडती कोण, ते तुम्हीच ठरवा.

*

टॉकीजवाला नवं पोस्टर जुन्यावरच चिकटवायचा. दहा-बारा सिनेमे झाले की भाकरीएवढा जाड थर भिंतीवरून सुटून लोंबायचा. हे तो घरी आणायचे आणि वाफेवर एकेक पोस्टर सोडवायचे. वाफ कशाची, तर माझ्या मोदकपात्राची.

एका गणेश चतुर्थीला आरती झाली, पानं मांडली, बबीन्याच्या छावणीतून जेवायला आलेले सुभेदार हात धुऊन बसले, आणि पाहुण्यांचे मोदक उकडायला घ्यावेत तर मोदकपात्र जागेवर नाही. परसात जाऊन बघते तर चूल पेटलेली, पात्राला वाफ आलेली, आणि हे त्यावर पोस्टर धरून उभे. म्हटलं, अहो, पाहुणे खोळंबलेत.

तर म्हणतात, "दोन मिनिटं थांब. खलनायक सुटत आलाय."

*

सुटलेलं पोस्टर धुवायचं, वाळवायचं आणि मागून मऊ कापड लावायचं. कापड माझ्या जुन्या नऊवारीचं. खळ मैद्याची, पण ती वाळली की पिवळे डाग पडायचे. हे दिवसभर त्या डागांभोवती येरझाऱ्या घालायचे. शेवटी मीच म्हटलं, धोतरांना मी साबुदाण्याची खळ घालते, ती लावून बघा. लावली. काचेसारखी वाळली. नलूचा हात हलका, ती असं चिकटवायची की सुरकुती शोधून सापडू नये.

पुढच्या एकादशीला डबा उघडला तर साबुदाणा संपलेला. त्या दिवशी पोस्टरं फराळ करून बसली आणि माणसं निर्जळी.

*

मोठं पोस्टर दोन तावांत यायचं, एक वरचा, एक खालचा. ह्यांच्या सगळ्यात लाडक्या पोस्टरचा फक्त वरचा ताव होता. त्यावर फेटेवाला स्वार आणि घोड्याचं डोकं. घोडा पोटाशी संपायचा. दूधवाले भैया रोज दारातून टोमणा मारायचे, "काए बाबूजी, झाँसी को घोड़ा, और गोड़ नइयाँ?" गोड़ म्हणजे पाय, नइयाँ म्हणजे नाहीत. ह्यांना तेवढं पुरायचं. शोधायला ग्वाल्हेर झालं, कानपूर झालं, रद्दीवाले झाले. जेवताना मध्येच उठून कपाटामागे बघायचे. खालचा ताव कुठे गेला, कुणाला म्हणून माहीत नव्हतं.

मला माहीत होतं.

माझी इथली पहिली दिवाळी. शेजारच्या कुसुमवहिनींकडे फराळ द्यायचा, अनारशांच्या डब्याच्या तळाशी कागद हवा. खोलीत दोन ताव पडलेले. एकावर माणसं होती, तो ठेवला. दुसऱ्यावर नुसते पाय आणि अक्षरं. अक्षरं मला वाचता येत नाहीत, आणि पाय कोण बघतंय? चार घड्या केल्या आणि घातला. वर्षभरात कुसुमवहिनी गुरसरायला राहायला गेल्या. मी तोंड शिवून बसले, ती वीस वर्षं.

*

नलूला स्थळं यायला लागली. पहिल्या मुलाच्या वडिलांना ह्यांनी मुलाचं शिक्षण नाही विचारलं, पगार नाही विचारला. विचारलं काय, तर तुमच्या गावात जुनी टॉकीज आहे का. दुसऱ्यांना पोस्टरांच्या खोलीत तासभर उभं केलं, पोहे थंड झाले. दोघांचंही उत्तर आलं नाही. नलू एक दिवस म्हणाली, "बाबा, पहले मेरा देख लो. घोड़े का बाद में."

मग तिसरं स्थळ आलं. कुसुमवहिनींचा श्रीकांत, बिजौलीच्या कारखान्यात नोकरीला. मुलगा सोन्यासारखा, नलूलाही पसंत. फक्त आम्ही एकदा घर बघून यायचं होतं. सगळे खुशीत, आणि माझ्या डोळ्यांपुढे मात्र तोच घोडा उधळलेला. तो ताव ह्यांना तिथे दिसला, तर मांडवाच्या आधीच महाभारत.

*

गुरसरायला पोचलो. बैठकीत काचेचं कपाट, कपाटात कपबशा, कपबशांखाली कागद.

कुसुमवहिनी चहाला उठल्या. मी म्हटलं, चहा नको, आम्ही सोडलाय. ह्यांनी विचारलं, कधी? म्हटलं, आत्ताच. सरबत नको म्हटलं, पाणीही नको म्हटलं. पण त्या कुठल्या ऐकतात! कपाट उघडलं. एक कप काढला, एक खूर दिसला. दुसरा काढला, दुसरा दिसला. चौथ्या कपाला घोडा चारी पायांवर उभा.

हे उठले आणि कपाटाशी जाऊन उकिडवे बसले. तावावर मधोमध डब्याएवढा गोल तुपाचा डाग होता.

"हा कुठला?"

"अहो, तुमच्याच घरचा. हिच्या पहिल्या दिवाळीच्या डब्यातला. इतके देखणे पाय, टाकवेनात."

हे माझ्याकडे बघेनात. म्हणाले, "मला द्याल?"

"नाही देणार," कुसुमवहिनी म्हणाल्या. "पाय आमच्याकडे आलेत, आता डोकंही इकडेच पाठवा. चिकटवायला नलू येईलच."

हे त्या डागावरून बोट फिरवत राहिले. मग ह्यांनी विचारलं, "घरात साबुदाणा असतो ना?"

नलूचं लग्न ठरलं ते असं.

परतताना बसमध्ये हे खिडकीकडे तोंड करून. चिरगाँव आलं तेव्हा वळले.

"डब्यात काय होतं?"

"अनारसे."

"जाळी पडली होती?"

"छान पडली होती."

"मग ठीक आहे," म्हणाले, आणि कित्येक वर्षांनी पहिल्यांदाच बसल्या जागी झोपले.