एकशे एक्केचाळीसची सुपरवायझर

झटपट आणि मी अकरा वर्षं एकाच चादरीची दोन टोकं धरून काम केलं. हॉस्पिटलच्या धुलाई विभागात इस्त्रीच्या मोठ्या रोलरमधून गरम चादर बाहेर आली की दोघींनी ती झेलायची, ताणायची, घडी घालून गठ्ठ्यावर टाकायची. दिवसाला सहाशे तरी. इतक्या घड्या एकाच माणसाबरोबर घातल्या की त्याचा स्वभाव हाताला कळतो. मी माझा कोपरा पकडायच्या आत हिची अर्धी घडी झालेली असायची. बोलण्यातही तेच. मी "अगं, काल माझ्या नणंदेचा..." एवढं म्हणेपर्यंत ही म्हणणार, "फोन आला आणि ती राहायला येतेय." आणि ते खरंच असायचं, हाच तर वैताग. म्हणून सगळा विभाग तिला झटपट म्हणायचा.

शाळा तिची अर्धवट सुटलेली. वडील अंथरुणाला खिळले आणि थोरली म्हणून ही चौदाव्या वर्षी कामाला लागली. त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. फक्त वॉर्डातून कपड्यांची यादी आली की लांबूनच बघून म्हणायची, "बेरीज चुकलीय." मी कागद हातात घेऊन, बोटांवर मोजून, मग मान डोलवायची.

एका रविवारी दुपारी ती घरी मटार सोलत बसली होती. सोळा वर्षांची मुलगी शेजारी फोनवर बुद्धिमत्तेची ऑनलाइन चाचणी सोडवत होती आणि एका आकृतीवर अडली होती. हिने नुसती मान वळवली, "तिसरा," म्हणाली, आणि पुढची शेंग घेतली. तिसरा बरोबर निघाला. मग मुलीने मटार बाजूला सारले आणि फोन आईच्याच हातात दिला. वीस मिनिटांत चाळीस प्रश्न. शेवटी पडद्यावर आकडा आला, एकशे एक्केचाळीस. पोरगी एवढ्यानं ओरडली की नवरा अर्ध्या दाढीचा फेस घेऊन न्हाणीघरातून बाहेर आला.

सोमवारी रोलरपाशी तिने मला हे सांगितलं.

"कितीपैकी?" मी विचारलं.

"कितीपैकी असं नसतं गं. शंभर म्हणजे साधारण माणूस."

तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. इतकी वर्षं कुणीतरी आपलं काहीतरी दाबून ठेवलं होतं आणि आज ते परत मिळालं, असा.

त्याच सुमारास आमच्याकडे नवे मॅनेजर आले. माणूस सरळ, पण चाचण्यांवर भारी विश्वास. आमच्या सुपरवायझर, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे, एकोणीस वर्षं काम सांभाळून आता निवृत्त होणार होत्या. साहेबांनी आम्हा सकाळच्या पाळीतल्या तेवीसही जणांना ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर एकेक करून चाचणीला बसवलं. मला शहाण्णव मिळाले. मोठ्या बाईंना सत्त्याऐंशी. ते त्यांनीच हसत हसत सगळ्यांना सांगितलं. झटपटला एकशे एकोणचाळीस. "दोन कमी पडले, तो माउस माझ्या हातात बसत नाही," ती म्हणाली. साहेबांना स्वतःला किती, हे काही कळलं नाही. पण महिन्याभरात झटपट सुपरवायझर झाली. मी दोन दिवस नुसती उड्या मारत होते.

सुरुवात तर झकास झाली. आमच्याकडे घाणेरडे कपडे येतात ती बाजू वेगळी आणि स्वच्छ बाजू वेगळी. मोकळ्या ट्रॉल्या ओढत आम्ही वर्षानुवर्षं सगळ्या इमारतीला वळसा घालायचो. हिने कागदावर चार रेघा मारल्या, मागचं एक दार उघडून घेतलं, आणि वळसा संपला. संध्याकाळी पाय दुखायचे ते थांबले. कुणालाच हे सुचलं नव्हतं.

मग हळूहळू बिनसायला लागलं. इस्त्रीवाले काका काही सांगायला गेले की हिचं उत्तर तयार. "माहितीये मला." कपडे निवडणाऱ्या बाईने विचारलं, पाळी बदलून मिळेल का, तर हिने तिथल्या तिथे तीन कारणं देऊन ते कसं शक्य नाही हे पटवून दिलं. कारणं तिन्ही बरोबर होती. बाईचा मुलगा आजारी आहे, हे सांगायचं मात्र राहूनच गेलं. हातातलं काम कुणाचं सावकाश दिसलं की ही ते काढून घेऊन स्वतः करायची. ती रागावत नसे, टाकून बोलत नसे. पण तिच्यासमोर उभं राहिलं की आपण मठ्ठ आहोत असं वाटायचं. दोघांनी बदलीचे अर्ज दिले. माझ्याशीही बोलणं कमी झालं. नव्या जोडीदारणीबरोबर माझ्या घड्या वाकड्या यायच्या, आणि मी गप्प राहायला शिकले.

एका मंगळवारी तीन नंबरच्या धुलाई मशीनमधून चादरी काढताना मला वाटलं, आज या नेहमीइतक्या गरम नाहीत. तापमानाचा काटा बघितला तर नेहमीच्या जागी. बुधवारी तेच. आमच्याकडे पाणी ठरलेल्या तापमानाला ठरलेला वेळ राहावं लागतं, नाहीतर कपडे नुसते स्वच्छ दिसतात, जंतू मरत नाहीत. मला जाऊन सांगायला हवं होतं. मी गेलेही होते तिच्या टेबलापाशी. "तीन नंबर..." एवढंच म्हणाले.

"सकाळीच बघितला काटा. बरोबर आहे," तिने वर न बघता सांगितलं.

मी परत आले. गुरुवारी मी गेलेच नाही.

शुक्रवारी तपासणीला मेकॅनिक आला आणि म्हणाला, काटा अडकलाय, पाणी तापतच नाहीये. चार दिवसांचे कपडे वॉर्डावॉर्डांतून परत गोळा करावे लागले. अर्ध्या दिवसाची ऑपरेशनं पुढे गेली. कुणाला काही झालं नाही, हे नशीब. त्या दिवशी आम्ही सगळेच जण घामाघूम होऊन कपडे परत धूत होतो, आणि झटपट सगळ्यांच्या पुढे होती.

संध्याकाळी साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं. "काटाच चुकीचा दाखवत असेल तर कुणाला कसं कळणार?" ते म्हणाले. खरं तर तिथेच मिटलं असतं. पण मी हात वर केला.

"मला कळलं होतं," मी म्हणाले. "मंगळवारीच. हाताला कळलं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. झटपट पुढे आली. "मग सांगितलं का नाहीस?"

"सांगायला आले होते. तू माझं वाक्य पुरं केलंस."

तिने डोक्यावरची टोपी काढली, हातात चुरगाळली, आणि कपड्यांच्या कोठीत जाऊन बसली. थोड्या वेळाने मी तिथे गेले. "चूक माझीही आहे," मी म्हणाले. "बुधवारी तुझ्या टेबलावर मूठ आपटून सांगायला हवं होतं मी." ती म्हणाली, "मूठ आपटायची वेळ तुझ्यावर यायला नको होती."

तिने पद सोडायचा अर्ज लिहिला. साहेबांनी तो ठेवून घेतला आणि म्हणाले, आठ दिवस थांबा. त्या आठ दिवसांत एका दुपारी आम्ही दोघी मोठ्या बाईंकडे गेलो. तिसरा मजला, गॅलरीत कुंड्याच कुंड्या. झटपटने बसल्या बसल्या विचारलं, "तुम्ही कसं जमवत होता?"

मोठ्या बाई हसत सुटल्या. "अगं, मला त्या मशीनमधलं ओ की ठो कळत नव्हतं! रोज सकाळी भीती वाटायची. म्हणून आल्या आल्या एकेकाला विचारत फिरायचे, बाबा रे, सगळं ठीक आहे ना? लोकांना वाटायचं, काय मायाळू बाई. मायाळू कसली, घाबरट होते."

"मला भीतीच वाटली नाही कधी," झटपट म्हणाली.

"मग दुसरं काहीतरी शोध," बाई म्हणाल्या. "आणि सोडून बिडून जाऊ नकोस. माझी रजिस्टरं आठव, कशाचा कशाला मेळ नसायचा. ट्रॉलीचा तो रस्ता मला एकोणीस वर्षांत सुचला नाही. लोकांचे पाय दुखतात हे मला माहीत होतं, पण मी नुसती हळहळायचे."

झटपटने अर्ज परत घेतला. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी सगळ्या विभागातून चक्कर मारायला लागली. प्रत्येकाला एकच प्रश्न, "आज काय खटकतंय?" पहिला आठवडा कुणी तोंड उघडलं नाही. मग इस्त्रीवाले काका म्हणाले, "माझ्या स्टुलाचा पाय डुगडुगतो." ही हो म्हणाली आणि दुपारी स्वतः खिळा ठोकला. त्यानंतर लोक सुटलेच. खिडकी लागत नाही, मोज्यांची पिशवी फाटलीय, अमक्याचं तमक्याशी पटत नाही. ऐकताना तिचे ओठ हलायचे. पुढचं वाक्य आतून बाहेर यायला धडपडतंय हे दिसायचं. कधी कधी ते निसटायचंही. पण मग दहा मिनिटांनी ती परत यायची आणि म्हणायची, "मघाशी तू काय सांगत होतास? मी मध्येच बोलले." कपडे निवडणाऱ्या बाईला पाळी बदलून मिळाली. झटपटने आधी जी तीन कारणं दिली होती, त्यांवर तिनेच तीन उपाय काढले. डोकं तर होतंच.

यंदा दुपारच्या पाळीला नवा सुपरवायझर नेमायचा होता. साहेबांनी पुन्हा चाचणीचं काढलं.

"घ्या ना," झटपट म्हणाली. "पण जोडीला एक चिठ्ठीही घ्या. त्या पाळीतल्या प्रत्येकाला विचारा, तुमच्या हातून चूक झाली तर आधी कुणाला सांगाल?"

साहेबांनी जरा विचार केला आणि मान हलवली. अठरा चिठ्ठ्या आल्या. अकरांवर एकच नाव होतं, भिजवण्याच्या टाक्या सांभाळणाऱ्या एका अबोल बाईंचं. चाचणीत त्यांना एकशे चार होते. त्यांच्याहून जास्त गुण असलेले चौघं होते, तरी नेमलं या बाईंनाच. त्या चौघांतल्या एकाला झटपटने हिशेबाच्या आणि यंत्रांच्या कामाला बाईंच्या हाताखाली दिलं, आणि तो खूश आहे. बाई पहिल्या दिवशी इतक्या हळू बोलल्या की सगळ्यांना मशीन बंद करून जवळ यावं लागलं. आता त्या बोलायला लागल्या की लोक आपणहून मशीन बंद करतात.