सहीच्या खालची नलिनी परब

नलिनी परब रागावली की तळमजल्यावरचा पिठाच्या गिरणीवाला हात थांबवून वर बघायचा. गिरणीच्या डोक्यावरच, अंधेरी स्टेशनच्या पश्चिमेला, दोन खोल्यांत ‘आंतरराष्ट्रीय सागरी मत्स्यविज्ञान परिषद’ थाटलेली होती, आणि नलिनी तिथली टायपिस्ट, कारकून, टपालखातं आणि चहाखातं होती. ती टाइपरायटरवर राग काढायला लागली की लाकडी तक्तपोशीतून धूळ खालच्या गव्हात पडायची. गिरणी त्याचा सूड घ्यायची. परिषदेच्या फायली बारा महिने पिठानं पांढऱ्या असत आणि त्या झटकता झटकता नलिनीचे केसही. बसमध्ये एखाद्यानं "बसा आजी" म्हणून जागा दिली, की चाळीस वर्षांच्या नलिनीच्या दिवसभराच्या रागाची सोय व्हायची.

परिषदेत आंतरराष्ट्रीय म्हणावी अशी वस्तू सुरुवातीला एकच होती: पाटी. अध्यक्ष डॉ. मार्तंड आगाशे यांनी ती एकोणऐंशी साली हौसेनं रंगवून घेतली होती. पाटी लागली की परदेशी सभासद येतीलच, अशी त्यांची श्रद्धा. दीड वर्षात एक आला. तो नेपाळचा, डॉक्टरांचाच जुना विद्यार्थी. नेपाळला समुद्र नाही, हे नलिनीनं नम्रपणे सुचवून पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "परबबाई, सुरुवात उगमापासून करावी."

डॉक्टर पार्ल्याचे. माशांच्या पोटातल्या कृमींवर त्यांनी उभा जन्म वेचला होता, पण मासा त्यांना भेटला तो बाटलीतच, ताटात कधी नाही. बाजारावरून जायची वेळ आली तर नाकाला रुमाल. माणूस वाईट नव्हता. दिवाळीला गिरणीवाल्यालासुद्धा चिवड्याचा पुडा द्यायचा. पण परदेशी शास्त्रज्ञांना तो जे पत्र पाठवायचा, ते टाइप करताना नलिनीच्या कानशिलाच्या शिरा उडायच्या. पत्र चार पानी. सुरुवात मत्स्यावतारापासून. दुसऱ्या पानावर प्राचीन आर्यांची नौकाविद्या, तिसऱ्यावर डॉक्टरांचे कृमी, आणि चौथ्या पानाच्या अगदी तळाशी, जागा उरलीच तर, सभासद होण्याची विनंती. अशी दीडशे पत्रं तिनं जगभर धाडली. उत्तरं आली चार, आणि त्यातली तीन ‘पत्ता बदलला आहे’ अशी.

एकदा, ऐंशीच्या नोव्हेंबरात, मनिलाला जाणारं पत्र डॉक्टर सही करून घरी गेले आणि नलिनीचा तोल सुटला. "मेल्यानू, हय मासे खय आसत?" असं चार पानांना विचारून तिनं तो कागद पुन्हा मशीनमध्ये घातला आणि सहीच्या खाली, ताजा कलम म्हणून, जसं सुचेल तसं इंग्रजी बडवलं: या आठवड्यात वेसाव्याला बोंबील भरपूर उतरला, मांदेली कमी, पापलेट लहान, येथील कोळी स्त्रिया म्हणतात की पाण्याला थंडी लवकर लागली.

हे तिला कळलं कुठून? सखुबाईकडून. वेसावा कोळीवाड्याची सखुबाई अंधेरीच्या बाजारात टोपली घेऊन बसायची आणि नलिनी रोज संध्याकाळी तिच्याशी भांडायची. नलिनी मालवणची, तिला वाटे मासे फक्त आपल्याला कळतात. सखुबाईला वाटे, मालवणवाल्यांना फक्त नारळ कळतो.

"ह्यो ताजो?" नलिनी विचारायची.

"नाय, तुझ्या लग्नातला हाय. घेतंस तर घे, नाय तर हात काढ."

या भांडणातून वारा, पाणी, कुठल्या खोलीवर काय लागलं, कुठलं पिल्लू अवेळी आलं, असं सगळं बाहेर पडायचं, आणि दुसऱ्या दिवशी ते सहीच्या खाली टाइप व्हायचं.

मनिलाहून पंधरवड्यात उत्तर आलं. डॉ. रेयेस नावाच्या गृहस्थांनी वर्गणी पाठवली होती, मत्स्यावताराबद्दल एक अक्षर नव्हतं, आणि विचारलं होतं की पापलेट लहान म्हणजे किती बोटं? मग कोलंबोहून एक, मोंबासाहून दोघे, नॉर्वेतल्या ट्रॉम्सो गावाहून डॉ. सिग्रिड नेस नावाच्या बाई. सगळ्यांना ताज्या कलमाची पुढची हकिकत हवी होती.

आता डॉक्टरांना कळणारच. त्यांनी नलिनीला आत बोलावलं. बोलणी बसणार की शाबासकी मिळणार, याचा अंदाज घेत ती पदर खोचून उभी राहिली.

"परबबाई, ही खालची टिपणं तुम्ही घालता?"

"हो सर."

"छान आहेत. चालू ठेवा. फक्त यापुढं सहीच्या वर घ्या."

बस्स. सही तीच, जागा तेवढी बदलली, आणि नलिनीचा मजकूर एका दुपारीत डॉक्टरांचा झाला. त्या दिवशी घरी तिनं भाकरी अशी थापली की नवरा जयवंत न सांगता दळण आणायला गेला. पुढची साडेतीन वर्षं ती सहीच्या वर लिहीत राहिली. परदेशी सभासद एकतीस झाले, देश नऊ. दर जानेवारीला डॉक्टर सभेत जगाचा नकाशा टांगून टाचण्या टोचायचे आणि टाळ्या घ्यायचे. टाचण्या आणून देणारी नलिनी भिंतीपाशी उभी राहून एकच गोष्ट मनात घोकायची: एकदा, फक्त एकदा, माझं नाव माझ्या ओळींखाली पाहिजे.

चौऱ्याऐंशीत डॉक्टरांनी ठरवलं की नकाशावरची माणसं प्रत्यक्ष बोलवायची. आंतरराष्ट्रीय परिषद, पार्ल्याच्या एका सभागृहात, जुलैच्या मध्यावर.

"सर, जुलैत?" नलिनी म्हणाली.

"तिकडं तेव्हा सुट्ट्या असतात."

"आणि हय, म्हणजे इथं, होड्या वर ओढलेल्या असतात! नारळी पौर्णिमेशिवाय कोळी समुद्रात जात नाहीत. ते लोक बोंबील उतरताना बघायला येणार. काय दाखवणार, शाकारलेल्या होड्या?"

"परबबाई, विज्ञानाला पावसाळा नसतो."

"विज्ञानाला नसेल. बोंबलाला असतो."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. चष्मा पुसणं म्हणजे विषय संपला. मासेमारीचं शास्त्र शिकलेल्या पन्नास माणसांच्या कार्यकारिणीत एकालाही समुद्र बंद असतो हे आठवलं नाही, आणि ज्यांना आठवलं ते अध्यक्षांसमोर बोलले नाहीत. निमंत्रणं नलिनीनंच टाइप केली. गिरणीवाला त्या दिवशी तीनदा वर आला.

परदेशातून दोघेच आले: मनिलाचे रेयेस, आणि ट्रॉम्सोच्या सिग्रिडबाई. सहा फूट उंच, दाट भुवया, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. त्या थेट होडीत चढायच्या तयारीनं आल्या होत्या. त्यांना होडीऐवजी खुर्ची मिळाली, समुद्राऐवजी फॉर्मॅलिनच्या बाटल्यांतले अठ्ठावीस मासे, आणि डॉक्टरांचं अडीच तासांचं स्वागतपर भाषण. नलिनी मागच्या बाकावर शॉर्टहँडची वही घेऊन बसली होती, दर अर्ध्या तासानं उठून चहा देत होती.

भाषण संपल्यावर सिग्रिडबाईंनी पिशवीतून एक गठ्ठा काढला. चार वर्षांतली सगळी पत्रं, तारखेवार. आमच्याकडे कॉड मासा लाकडी मांडवांवर मिठाशिवाय वाऱ्यात सुकवतात, त्या म्हणाल्या, आणि तुमचा बोंबीलही मिठाशिवायच सुकतो असं तुम्ही लिहिता. दोन्ही किनाऱ्यांनी मिळून याचा अभ्यास करावा, एवढ्यासाठी मी आले. तर पहिला प्रश्न: तुमच्या बायका मासा दोरीवर टांगतात कसा?

डॉक्टरांनी घसा साफ केला. बाटलीतला मासा टांगलेला नसतो. "शेपटीला दोरा बांधून," ते म्हणाले.

सिग्रिडबाईंना आनंद झाला. "अगदी आमच्यासारखं! दोन मासे शेपट्यांनी बांधून!" मग त्यांनी गठ्ठ्यातलं एक पत्र उघडलं आणि भुवया जवळ आल्या. "पण ब्याऐंशीच्या डिसेंबरात तुम्ही लिहिलंय, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून."

डॉक्टरांनी पत्र हातात घेतलं, जवळून पाहिलं, लांबून पाहिलं, आणि मागच्या बाकाकडे हात करून हसले.

"टायपिस्टची चूक," ते म्हणाले.

नलिनीच्या हातात त्या वेळी किटली होती. ती तिनं हळूच खाली ठेवली, आणि ज्यांनी ते हळू ठेवणं पाहिलं ते नंतर सांगत, की आदळली असती तर एवढी भीती वाटली नसती. एकोणीस वर्षं ती टाइप करत होती. एकोणीस वर्षांत तिच्या कागदाला रबर लागलं नव्हतं.

"कोणाची चूक?" ती मराठीत म्हणाली. "सर, कोणाची?"

"परबबाई, बसा."

"नाय बसणार! उभा जन्म मासे चिरलेत तुम्ही, एकदा तरी बोंबलाच्या तोंडात बोट घालून बघितलंत? आकड्यासारखे दात असतात त्याला. एकाचा जबडा दुसऱ्यात अडकवला की दोरीवरनं वादळातसुद्धा पडत नाही. शेपटीला बांधाल तर पिकलेल्या केळ्यासारखा मधेच तुटेल, इतका तो मऊ! हे पोराटोरांना माहीत आसा वेसाव्यात. आणि चूक माझी? माझ्या मशीनची?"

मग ती सिग्रिडबाईंकडे वळली आणि हेच सगळं इंग्रजीत म्हणाली. इंग्रजी तिचं मॅट्रिक आणि टायपिंग क्लासचं होतं, पण रागाला व्याकरण लागत नाही. शेवटी म्हणाली, "हे सगळं मी लिहिलंय. सहीच्या वरचं, सहीच्या खालचं, सगळं. मासा बघायचाय ना? चला."

आणि परिषद दुपारच्या जेवणाला बसायच्या आत दोन्ही परदेशी पाहुणे रिक्षात बसून वेसाव्याला गेले. परदेशी सभासदच निघून गेल्यावर आंतरराष्ट्रीय परिषद पुढं काय करणार? बटाट्याची भाजी खाऊन घरी गेली.

सखुबाई ओसरीवर जाळं विणत होती. पाहुणे बघून ती नलिनीवर कडाडली. "चूल विझल्यावर पाव्हणे आनतंस काय गो? पुनव झाल्यावर आनायचे!" पण तिनं पोटमाळ्यावरून सुक्या बोंबलांची माळ काढली, आणि दोन बोंबील तोंडात तोंड घालून दाखवले. सिग्रिडबाईंनी काडेपेटीतल्या काड्या मांडून आपल्याकडचा मांडव दाखवला. सखुबाईनं तो मोडून वेसाव्याचा मांडला. सखुबाईला इंग्रजी येत नव्हतं, सिग्रिडबाईंना मराठी. तीन तास तिघीही बोलत होत्या आणि रेयेस वही भरत होते.

परत जाताना दोघा परदेशी सभासदांनी परिषदेची घटना वाचली. तिच्यातलं अकरावं कलम डॉक्टरांनी हौसेनं घातलं होतं: दोन परदेशी सभासद मिळून ज्याचं नाव सुचवतील, त्याला पदवी न विचारता सभासद करून घ्यावं. डॉक्टरांना वाटलं होतं, गोरे गोऱ्यांना सुचवतील. दोघांनी लिहून दिलं: श्रीमती नलिनी परब.

डॉक्टरांनी ते कलम चार वेळा वाचलं, चष्मा सहा वेळा पुसला. मग म्हणाले, "ठीक. ऑगस्टअखेरची पत्रं घ्या, टिपणासकट."

"टिपण सहीच्या खाली," नलिनी म्हणाली. "आणि त्याखाली माझी सही."

"ते शोभत नाही."

नलिनीनं मशीनवर आच्छादन घातलं आणि हात मांडीवर ठेवून बसली. एकतीस जणांची पत्रं पडून राहिली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः टाइप करायला बसले. एका बोटानं, मत्स्यावतारापर्यंत पोचायला त्यांना अकरा ते दीड वाजले. खालून गिरणीवाला विचारून गेला, बाई आजारी आहेत का, आवाज नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फक्त सही कागदाच्या मधोमध केली आणि खाली अर्धं पान कोरं सोडलं.

ट्रॉम्सोला जाणारं ते पहिलं पत्र घेऊन नलिनी बाजारात गेली. साडेतीन वर्षांनी डोकं हलकं झालं होतं. टोपलीशेजारी उकिडवी बसून तिनं सखुबाईला मराठी करून वाचून दाखवलं, वारा, पाणी, मांदेली, सगळं, आणि शेवटी बोट ठेवलं. "आणि हे माझं नाव."

सखुबाई कोयता पुसत होती. "पुन्ना वाच. कोन म्हनतं म्हनून लिवलंय?"

"येथील कोळी स्त्रिया म्हणतात..."

"कोन कोली स्त्रिया?" कोयता फळीत रुतला. "धा हायेत काय आमी? चार वर्सं मी सांगतंय, मी! तुझ्या डागदरानं तुझं खाल्लं म्हनून तू बोंबलतंस, आनि माझं कोनी खाल्लं गो, मालवणवाली?"

नलिनीला राग आला, भयंकर आला, आणि या वेळी तो कोणावर काढायचा ते सापडेना. त्या दिवशी तिनं मासळी घेतली नाही. सखुबाईनं दिलीही नसती.

ती तशीच गिरणीवरचा जिना चढली. आच्छादन काढलं, पत्र फाडलं, डॉक्टरांनी आगाऊ सही केलेला दुसरा कागद घातला, आणि सहीच्या खाली असं बडवायला लागली की गिरणीवाल्यानं पट्टा थांबवला: वेसाव्याच्या सखुबाई म्हणतात.